लघवी छान होतेय

आयसीयूत रात्रपाळीला सिस्टरला खूश करणाऱ्या गोष्टी तीनच. मॉनिटर गप्प असावा, नातेवाईक बाहेरच्या बाकावर झोपलेले असावेत आणि युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, भरत असावी. युरोबॅग भरतेय म्हणजे किडनी चालू आहे, बीपी टिकून आहे, सकाळी सरांच्या राऊंडला आपल्याला कोणी काही बोलणार नाही. हँडओव्हर देताना आमचं एक ठरलेलं वाक्य असतं, "लघवी छान होतेय." सत्तावीस वर्षांच्या नोकरीत ते मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. एकदा ते म्हणायला नको होतं.

सांगली-मिरज पट्ट्यातलं खासगी हॉस्पिटल, आयसीयू सहा खाटांचं. नाव सांगत नाही. जे झालं ते त्या काळात कुठल्याही सहा खाटांच्या आयसीयूत होऊ शकलं असतं, आणि झालंही असेल. साल 2008, मे महिना. दुपारी दोनच्या सुमारास जीपमधून एका आजींना आणलं. वय अडुसष्ट, वजन बेचाळीस किलो, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चार दिवस उलट्या-जुलाब. मुलाचं म्हणणं, "ऊन लागलंय. कालपास्नं बरळतीया."

तीन महिन्यांपूर्वी त्यांना बीपीची गोळी सुरू झाली होती. त्या गोळीतच लघवी वाढवणारं औषध, आमच्याकडे लोक त्याला पाण्याची गोळी म्हणतात. आणि गोळीबरोबर कोणीतरी सांगितलं होतं, मीठ बंद. हे 'मीठ बंद' आपल्याकडे फार निष्ठेने पाळतात. सून सांगत होती, जुलाब लागल्यावर लिंबूपाणी दिलं, पेज दिली, शहाळी दिली, पण मिठाचा कण घातला नाही, बीपी आहे म्हणून. सेवेत कसूर नव्हती. पोटातून मीठ जात होतं, गोळीने लघवीतून जात होतं, आणि वरून नुसतं पाणी पडत होतं.

कॅज्युअल्टीतच त्यांना झटका आला. थोड्या वेळाने लॅबमधून फोन. रिपोर्ट पाठवायच्या आधी लॅबवाला स्वतः फोन करतो तेव्हा समजायचं की काहीतरी भलतंच आहे. "सिस्टर, सोडियम 106 येतंय. परत लावून बघितलं, परत 106." नॉर्मल 135 ते 145. पोटॅशियम 2.7, तेही तळाला.

आमचे फिजिशियन सर त्या बाबतीत पक्के होते. तीन टक्क्यांचं सलाईन मागवलं. नेहमीचं सलाईन 0.9 टक्क्यांचं, हे त्याच्या तिपटीहून खारट. शंभर मिलीची छोटी बाटली येते. दहा मिनिटांत एक दिली, थोड्या वेळाने दुसरी. झटका थांबला, डोळे उघडले. पाच वाजता सोडियम 111. सरांनी फाइलवर लिहिलं, उद्या दुपारपर्यंत 114 च्या वर जायला नको, दर चार तासांनी सोडियम पाठवा. खाली दोन रेघा ओढल्या. मला म्हणाले, "आता घाई नाही. आता हळू."

सरांची ऑर्डर बरोबर होती. पुढचं सांगताना हे आधी नोंदवून ठेवते.

माझी पाळी रात्री आठला सुरू झाली. नऊचं सॅम्पल पाठवायचं होतं. लॅबवाला साडेआठला घरी जायचा. रात्री तातडीचं असेल तर फोन करून बोलवायचं, तो मोटारसायकलवर यायचा, आणि प्रत्येक वेळी तोंड वाकडं करायचा. आरएमओ, म्हणजे रात्रीचा डॉक्टर, नवीन मुलगा होता. त्याने आजींना पाहिलं, त्या उशीला टेकून माझ्याशी बोलत होत्या. "पेशंट चांगली आहे सिस्टर. सकाळीच पाठवू ना." मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ठीक आहे डॉक्टर."

साधं सलाईन पोटॅशियम घालून चालूच होतं, तासाला शंभर मिली. पंप दोनच आणि दोन्ही दुसरीकडे लागलेले, म्हणून मायक्रोड्रिप सेटवर, घड्याळ बघून थेंब मोजलेले. ते चुकलं नव्हतं. नऊनंतर आजींची कळी खुलली. "पोरी, तुजं सासर कुठलं?" मी गाव सांगितलं. मग त्या गावात त्यांची कोण नणंद दिलेली आहे ते आलं. मग म्हैस आली. म्हैस व्यायला झाली आहे, आठ-पंधरा दिवसांत व्याईल, आणि सुनेला धारेला हात लावू देत नाही. "माज्याबिगर कुनाला उबी ऱ्हात न्हाई," हे त्यांनी तीनदा सांगितलं. दुपारी बरळणारी बाई रात्री म्हशीची तक्रार करतेय, यापरीस आम्हाला काय हवं असतं!

आणि युरोबॅग भरत होती. अकराला मोजली, तासाभरात अडीचशे. बाराला साडेतीनशे. एकला चारशे. दुपारी होती ती गडद, चहासारखी, थेंब थेंब. आता नळाच्या पाण्यासारखी स्वच्छ. दोन लिटरची पिशवी मी रात्रीतून दोनदा रिकामी केली, चार्टवर आकडे लिहिले, खाली बेरीज मारली, 3100. सकाळी हँडओव्हरला म्हटलं, "तीन नंबरच्या आजी एकदम मस्त. शुद्धीवर आहेत, चहा मागतायत, लघवी छान होतेय."

सहाचं सॅम्पल गेलं होतं. सरांच्या राऊंडला रिपोर्ट आला, 127.

दिवसपाळीची सिस्टर म्हणाली, "अरे वा." मुलाच्या चेहऱ्यावर हसू होतं. सर काहीच बोलले नाहीत. त्यांनी चार्ट हातात घेतला आणि रात्रीचा लघवीचा रकाना बोटाने वरून खाली वाचत गेले. बोट एकच्या आकड्यावर थांबलं. मग त्यांनी नऊच्या सोडियमची जागा बघितली. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

ते असं का झालं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. आमच्या शिक्षणात लघवी कमी झाली की कळवा, एवढंच होतं. जास्त झाली की कळवा हे कोणी शिकवलं नव्हतं. पुढे सरांनीच समजावलं. उलट्या-जुलाबांनी अंगातला द्रव आटला की शरीर एका हार्मोनकरवी किडनीला हुकूम देतं, पाणी सोडू नको. ते अडवलेलं पाणी रक्तात साठतं आणि सोडियम पातळ होत जातं. आम्ही सलाईन दिलं, आटलेलं भरून आलं, गोळीही बंद झाली होती. मग शरीराने तो हुकूम मागे घेतला. सांगलीकरांना हे कोयना धरणाच्या भाषेत लगेच कळतं. दरवाजे उघडले, विसर्ग सुरू झाला. किडनीतून जवळजवळ निव्वळ पाणी जात होतं, मीठ मागे राहत होतं, म्हणून सोडियम आपोआप वर चढत होतं. मी थेंब मोजत बसले होते बाटलीकडे बघून. आजींचं सोडियम वर नेत होती त्यांची स्वतःची किडनी, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या डोळ्यांसमोर, पारदर्शक पिशवीत.

सरांनी सलाईन बंद करून पाच टक्के डेक्स्ट्रोज लावलं, साखरेचं पाणी, म्हणजे शेवटी नुसतं पाणीच. पण मनापासून नव्हे. आजींना लख्ख शुद्ध होती, त्या बिस्कीट चहात बुडवून खात होत्या. अशा माणसाचं सुधारलेलं सोडियम पुन्हा खाली पाडायला धाडस लागतं, आणि तेव्हा आमच्याकडे तसं कोणी करत नव्हतं. आकडा 125 वर आला आणि ते थांबले. तिसऱ्या दिवशी आजी वॉर्डात गेल्या. मीही विसरले.

सहाव्या दिवशी त्यांचा मुलगा आयसीयूच्या दारात येऊन उभा राहिला. "सिस्टर, आई बोबडं बोलाय लागलीया."

मी जाऊन पाहिलं. जीभ जड. चहाचा घोट घेतला की ठसका, आणि चहा नाकातून बाहेर. दुसऱ्या दिवशी हात उचलेनात. तिसऱ्या दिवशी पायही. आवाज पूर्ण गेला. चेहरा सपाट झाला, पण डोळे वरखाली फिरत होते, आणि आपण आत गेलो की ते डोळे आपल्यामागे यायचे. कधी मध्येच रडू फुटायचं, कधी हसू, कशाचा कशाला मेळ नाही. सून घाबरून म्हणाली, "बाहेरचं काय लागलंय का वो?" तिला काय दोष द्यायचा? आम्हाला तरी कुठे कळलं होतं. सरांना मात्र कळलं होतं. कोल्हापूरला पाठवून एमआरआय केला तर तो नॉर्मल आला. सर म्हणाले, "सुरुवातीला येतो नॉर्मल. दोन आठवड्यांनी परत करू." दोन आठवड्यांनी केला, तेव्हा मेंदूच्या देठात, जिथून सगळ्या हाता-पायांच्या, जिभेच्या, गिळण्याच्या तारा खाली उतरतात त्या पॉन्स नावाच्या भागात, बरोबर मध्यावर पांढरा डाग होता.

सरांनी एका जुन्या फाइलच्या पाठीवर चित्र काढून मला समजावलं. मी ते माझ्या पद्धतीने लक्षात ठेवलं, स्वयंपाकघरातून. मनुका पाण्यात टाकली की फुगते. रक्तातलं मीठ कमी झालं की मेंदूच्या पेशींचं तेच होतं, पण मेंदू कवटीत, त्याला फुगायला जागा नाही. एका दिवसात सोडियम कोसळलं तर माणूस त्या सुजेनेच दगावतो. पण हळूहळू, चार-पाच दिवसांत उतरलं तर मेंदू शहाणपण करतो. आपल्या पेशींतला विरघळलेला माल, आधी पोटॅशियम, मग टॉरीन, इनोसिटॉल, ग्लुटामेट असली द्रव्यं बाहेर टाकून देतो, म्हणजे पाणी आत शिरायला कारणच उरत नाही. दोन दिवसांत हे जुळवून घेणं बरंचसं पुरं होतं. म्हणून तर आजी 106 ला जिवंत होत्या. पण टाकलेला माल परत भरून घ्यायला मेंदूला त्याहून कितीतरी जास्त दिवस लागतात. तेवढ्यात बाहेरचं मीठ अचानक वाढवलं तर? काकडीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की वाटीत पाणी सुटतं, तसं. फक्त काकडीत एवढ्यावर भागतं. मेंदूत त्या ओढाताणीत आधी आधार देणाऱ्या पेशी मरतात, मग मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन सोलून निघतं. वायर जागेवर असते, प्लॅस्टिक गेलेलं असतं. आणि हे सगळं दोन ते सहा दिवस गुपचूप चालतं. तोवर पेशंट चहा-बिस्कीट खातो, सिस्टरला सासर विचारतो.

"म्हणजे 106 ने काही केलं नाही सर?"

"106 ने केलं ते आपण दुरुस्त केलं," सर म्हणाले. "हे आपल्या दुरुस्तीने केलं."

नातेवाइकांना काय सांगायचं, यावर ऑफिसात बैठक झाली. मी त्यात नव्हते. बाहेर आलं ते असं, मेंदूच्या खालच्या भागाला इजा झाली आहे, सोडियम फार कमी झाल्यामुळे होतं कधीकधी. खोटं नव्हतं. पूर्णही नव्हतं. दोन दिवसांनी मुलाने मला जिन्यात गाठलं. "त्या रातीला तुमीच हुता न्हवं?" मी हो म्हटलं. "मग काय झालं त्या रातीला?" मी त्याला लघवीचं सांगितलं, पाणी कसं भराभर निघून गेलं, सोडियम कसं उडी मारून चढलं, सगळं. तो शेतकरी माणूस, पाण्याचं त्याला लगेच समजलं. नऊच्या सॅम्पलचं मात्र मी सांगितलं नाही. ते आज पहिल्यांदा लिहितेय.

आजींना नाकातून नळी होती. फिजिओथेरपीची मुलगी दिवसातून दोनदा यायची, सांधे हलवायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून आम्ही दर दोन तासांनी कूस बदलायचो. कोणीतरी येऊन "आजी, ओळखलं का?" असं मोठ्याने ओरडायचं, जणू त्या बहिऱ्या झाल्यात. त्या सगळं ऐकत होत्या, सगळं समजत होतं. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, एवढं आम्ही ठरवलं. पण हो-नाहीत माणसाचं किती मावणार? त्यांना काहीतरी विचारायचं होतं. दोन दिवस त्यांचे डोळे मुलाच्या मागे लागले होते आणि तो बापडा विचारत होता, तहान लागलीया? पाठ दुखतीया? सुनेनं काय केलं का? दोनदा, दोनदा, दोनदा.

शेवटी दुसरीतली नात अंकलिपी घेऊन आली. शाळेला सुट्टी होती. आजी चौथी शिकलेल्या होत्या, अक्षरं येत होती. मी रात्रपाळी संपवून थांबले. नात एकेका ओळीवर बोट ठेवायची, "क ख ग घ?" डोळे स्थिर. "च छ ज झ?" स्थिर. "प फ ब भ म?" पापण्या मिटल्या. मग एकेक अक्षर. 'म' वर मिटल्या. पुन्हा पहिल्यापासून. खूप वेळाने 'स' वर मिटल्या. म, स. मुलगा म्हणाला, "मसाला?" दोनदा. सून म्हणाली, "मसोबा? मसोबाचं काय ऱ्हायलं का आत्याबाई?" दोनदा, जरा रागाने. आणि मला ती रात्र आठवली.

"म्हस," मी म्हटलं. "आजी, म्हस व्यायली का, असं विचारायचंय?"

पापण्या अशा घट्ट मिटल्या की उघडेनात. मग त्यांना ते रडू फुटलं, ते न आवरणारं, आणि त्यातच हसू. मुलगा म्हणाला, "व्याली की गं आई, रेडी झालीया." ती व्यायली त्याला दहा दिवस होऊन गेले होते. आईला सांगायचं कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

या आजाराबद्दल एक गैरसमज डॉक्टरांतही आहे की एकदा झालं की संपलं. तसं नसतं. काही जण दगावतात, काही कायमचे खाटेवर राहतात, पण बरीच माणसं महिनोन्महिने घेत सावरतात, काही तर पूर्ण. आजी दीड महिन्याने घरी गेल्या, झोळीतून गेल्यासारख्याच. दिवाळीनंतर तपासणीला आल्या तेव्हा काठी होती, मुलाचा खांदा होता, आवाज नाकातून येत होता, पण शब्द कळत होते. मला ओळखलं. सासर विचारलं नाही, माहीतच होतं. मला एक बाटली दुधाची दिली. घेताना माझा हात थरथरला.

त्यानंतर मी या गोष्टीच्या मागे लागले. नर्सने वाचायचं म्हणजे कुठे वाचायचं? कॉन्फरन्सला औषध कंपनीच्या स्टॉलपलीकडे मागच्या खुर्च्यांवर बसायचं, समजेल ते वहीत उतरवायचं, न समजेल ते सरांना विचारायचं. असं जमवत गेले. 1959 साली अमेरिकेत रेमंड ॲडम्स, मॉरिस व्हिक्टर आणि इलियट मॅन्कॉल या तिघांनी हा आजार पहिल्यांदा लिहून काढला. पेशंट दारूत बुडालेले, उपासमार झालेले. त्यामुळे दोष दारूवर आणि कुपोषणावर गेला. पुढची पंधरा-वीस वर्षं कोणाच्या मनात आलं नाही की हे दवाखान्यात आल्यानंतर का होतं, आधी का होत नाही. मग कोणी सोडियमकडे बोट दाखवलं, कोणी उंदीर आणि कुत्र्यांवर करून पाहिलं. सोडियम उतरवून तसंच ठेवलं तर पॉन्स शाबूत, झटकन वर नेलं की डाग.

मला यातली सगळ्यात भन्नाट वाटलेली गोष्ट 1986 ची आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनच्या एकाच अंकात दोन लेख पाठोपाठ छापले होते. पहिला ॲलन ॲरिएफ यांचा. धडधाकट पंधरा बायका, साध्या ऑपरेशननंतर सोडियम कोसळून झटके आले, श्वास थांबले, मेंदू कायमचे गेले. म्हणजे, उशीर करू नका. आणि तो लेख संपला की दुसरा, रिचर्ड स्टर्न्स आणि सहकाऱ्यांचा. आठ पेशंट, ज्यांचं सोडियम दिवसाला बाराच्या वर वेगाने वाढलं आणि मेंदूची साल निघाली. म्हणजे, घाई करू नका. पान उलटलं की सल्ला उलटा. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर लोक यावर हातघाईवर आलेले होते. आता जे ठरलं आहे त्यात दोघांचंही खरं धरलंय. झटका येत असेल तर तीन टक्क्यांचं सलाईन लगेच, चार-सहा आकडे वर आणा, तेवढ्याने मेंदूची सूज उतरते. आणि तिथेच थांबा. दारू पिणारा, उपाशी, लिव्हर गेलेला, पोटॅशियम कमी असलेला, सोडियम 105 किंवा त्याखाली असलेला, असा पेशंट असेल तर चोवीस तासांत आठच्या वर नको. पोटॅशियम दिल्यानेही सोडियम वर चढतं, हेही हिशेबात धरायचं. त्या रात्री आजींच्या बाटलीत आम्ही तेही घातलं होतं.

हल्ली तरुण डॉक्टर मला म्हणतात, "सिस्टर, तुम्ही उगाच घाबरवता. टोरांटोचा 2023 चा पेपर बघा, बावीस हजार आठशे अठ्ठावन्न ॲडमिशन, त्यात फक्त बारा जणांना झालं." बरोबर आहे. शिवाय फार हळू चढवलं तर मृत्यू वाढलेले दिसतात, असंही नव्या अभ्यासात निघालंय. माझं त्यावर भांडण नाही. सोडियम 125 असलेल्याला मीही घाबरत नाही. पण त्या बारांसारखी एक माझ्या तीन नंबरच्या खाटेवर होती, आणि तिचा आकडा 106 होता. हजारो साध्या पेशंटांच्या बेरजेत असे पेशंट दिसेनासे होतात. चूक असेल माझी, पण मला ते पटत नाही.

आता दुसरी गोष्ट, छोटी आहे. 2017, पावसाळा, वेगळं हॉस्पिटल, मी तिथे इन्चार्ज. पंचेचाळिशीचा माणूस, रोज देशी, जेवण नावाला. चार दिवस तेही बंद. सोडियम 103, पोटॅशियम 2.9. याच्याहून वाईट पत्रिका नाही. संध्याकाळी चारला ॲडमिट, दर दोन तासांनी सोडियम. इथे रक्त तपासायचं एबीजी मशीन आयसीयूतच होतं, लॅबवाल्याचं तोंड बघायची गरज नव्हती. मध्यरात्रीपर्यंत 108, सगळं हिशेबात. दीड वाजता ड्यूटीवरची सिस्टर मुलगी धावत आली नाही, चालत आली, खुशीत. "सिस्टर, दोन नंबरची लघवी छान होतेय."

मी खुर्चीतून उठले ते पळतच.

तासात तीनशे, पाण्यासारखी. मशीनवर 110. तिथल्या सरांना झोपेतून उठवलं. त्यांनी सांगितलं, सलाईन बंद, पाच टक्के डेक्स्ट्रोज, आणि डेस्मोप्रेसिन द्या. हे त्याच हार्मोनचं बनवलेलं रूप, पाणी अडवायचा हुकूम देणारं. म्हणजे विसर्ग बंद करून दरवाजे पुन्हा खाली सोडायचे. पण आमच्या मेडिकलमध्ये ते नव्हतं. मिरजेच्या एका दुकानात मिळालं, फ्रिजमधलं औषध, वॉर्डातले मामा भर पावसात मोटारसायकलवर गेले आणि घरच्या थर्मासात बर्फ घालून ॲम्प्यूल घेऊन आले. तोवर 112. बाहेर त्या माणसाचा मेव्हणा जागा झाला होता. "सलाईन का काढलं? माणूस आता कुठं बोलाय लागलाय, आन तुमी साखरंचं पाणी लावताय?" त्याला मी काय सांगणार? तुमचा पेशंट फार लवकर बरा होतोय, त्याला जरा थांबवतोय? सांगितलं, तसंच सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग बायकोला म्हणाला, उद्या दुसरीकडं हलवू.

पहाटे साडेचारला 111. सहाला 110. युरोबॅग जवळजवळ थांबली होती. मी तिच्याकडे बघत स्टूलवर बसून होते. दुपारी चारला, चोवीस तासांनी, 110. सात वाढलं. पुढे रोज सहा-सात. रोज सकाळी गेले की मी त्याला नाव, गाव, बायकोचं नाव म्हणायला लावायची आणि जीभ बाहेर काढायला सांगायची. त्याला वाटायचं माझ्या डोक्यात बिघाड आहे. सहावा दिवस गेला, सातवा गेला, आठवा गेला.

नवव्या दिवशी डिस्चार्ज. बिलाच्या खिडकीवर आवाज चढला म्हणून मी खाली गेले. तो माणूस स्वतः उभा होता, काचेवर बिल आपटत होता. "सोडियम, सोडियम, सोडियम! एका रात्रीत आठ येळा रगत काडलं माजं! माणूस हाय का बोअरिंग हाय? आन त्यो पाचशेचा बरफ कशाला लावलाय बिलात?" बरफ नव्हता, डेस्मोप्रेसिन होतं, आणि पाचशेहून बरंच जास्त होतं. मेव्हणा त्याला आवरत होता. बिलिंगच्या मुलाने माझ्याकडे बघितलं, दोन टेस्टचे पैसे कमी करू का म्हणून. मी मान हलवली. पण माझं लक्ष बिलाकडे नव्हतंच. तो आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, आणि मी ऐकत होते, ळ ळच्या जागी, र रच्या जागी, एकही अक्षर जड नाही.